काय बनवायचं हे कसं शोधायचं: जळगावातल्या एका प्रॉडक्ट टीमची कामाची पद्धत

आमचं पहिलं ॲप बनवायला चार महिने लागले आणि त्याची कुणाला गरज नव्हती हे कळायला सहा आठवडे. केळीचे रोजचे भाव दाखवणारं ॲप होतं ते. टीम पाच जणांची, ऑफिस जळगावात, आणि पाचपैकी तिघांच्या घरी केळीच्या बागा. त्यामुळे शेतकऱ्याला काय हवंय हे विचारायला बाहेर पडावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. रावेरचे भाव, बऱ्हाणपूरचे भाव, नवती (नव्या लागवडीचा माल), पिलबाग (कापलेल्या झाडाच्या पिलांवरचा माल), वापसी (कमी दर्जाचा माल) असे वेगळे रकाने, मागच्या महिन्याचा आलेख, सगळं नीट बसवलं होतं. पहिले पंधरा दिवस लोकांनी उघडून पाहिलं. नंतर कुणी उघडेना. शेवटी मी मामांकडे गेलो, तेव्हा ते म्हणाले, "भाव तर सकाळी व्हॉट्सॲपवर येतोच ना रे. भाव माहीत नाही असा एक शेतकरी दाखव मला."

हेच मामा चार महिने "छान चाललंय तुमचं" म्हणत होते. त्यांनी फसवलं नव्हतं. भाच्याने मन लावून केलेल्या कामाला आपल्याकडे कोण नावं ठेवतं?

त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली, ती इथे पायरी-पायरीने सांगतो. या कामाला प्रॉडक्ट डिस्कव्हरी म्हणतात, म्हणजे एखादी गोष्ट बनवायला घेण्याआधी, आणि बनवत असतानाही, ती कुणाला खरंच हवी आहे का याचा स्वस्तात शोध घेत राहणं. माझी उदाहरणं केळीची आहेत, कारण तेच काम मी केलंय. डाळ मिलचा हिशोब, नंदुरबारच्या मिरचीची खरेदी किंवा भुसावळातल्या एखाद्या क्लिनिकची अपॉइंटमेंट, यातलं काहीही तुम्ही बनवत असाल तरी पायऱ्या ह्याच लागतील.

पहिली पायरी: कुणाचं कोणतं वागणं बदलायचंय ते लिहा

बहुतेक टीमचं काम यादीने सुरू होतं. लॉगिन, डॅशबोर्ड, नोटिफिकेशन, रिपोर्ट. ही यादी बाजूला ठेवा आणि एकच वाक्य लिहा: कोण माणूस, आज काय करतो, आणि आपलं काम जमलं तर तो वेगळं काय करेल.

आमचं दुसऱ्या वेळचं वाक्य असं होतं: "रावेर, यावल, चोपडा भागातला केळी उत्पादक आपल्या सलग तीन कापण्यांची नोंद आमच्याकडे स्वतःहून करेल." त्यात भाव, आलेख, ॲप यांचं नावही नाही. तीन कापण्या यासाठी, की पहिली नोंद माणूस ओळखीखातर करतो, दुसरी नवलाईने. तिसरी केली तर त्याला त्यातून काहीतरी मिळत असलं पाहिजे.

हे वाक्य टीममधल्या सगळ्यांनी आणि पैसे लावणाऱ्याने एकत्र बसून ठरवावं. पुढे "हे पण टाकू, ते पण टाकू" सुरू झालं की याच वाक्याकडे परत येता येतं.

दुसरी पायरी: आपण काय धरून चाललोय ते कागदावर उतरवा

एका दुपारी सगळे बसा. प्रत्येकाने न बोलता चिठ्ठ्यांवर लिहायचं: हे चालण्यासाठी काय काय खरं असावं लागेल? एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. आम्ही चार प्रश्नांनी सुरुवात करतो. लोकांना हे हवं आहे का? त्यांना हे वापरता येईल का? आपल्याला हे बनवता येईल का? आणि यातून आपला धंदा चालेल का? जगभरच्या प्रॉडक्ट टीम याच चार धोक्यांच्या भाषेत बोलतात आणि मला ती विभागणी पुरेशी वाटते.

मग भिंतीवर दोन रेघा मारायच्या. उभी रेघ, ही गोष्ट खोटी निघाली तर किती नुकसान. आडवी रेघ, आपल्याकडे याचा पुरावा किती. चिठ्ठ्या जागेवर लावल्या की एका कोपऱ्यात काही चिठ्ठ्या जमतात: नुकसान मोठं आणि पुरावा काहीच नाही. तिथूनच कामाला लागायचं.

पुरावा कशाला म्हणायचं यावर मात्र कडक राहा. "आमच्याकडे सगळे असंच म्हणतात" हा पुरावा नाही. आमच्या भाववाल्या ॲपच्या वेळी ही भिंत केली असती तर "शेतकऱ्याला भाव वेळेवर कळत नाही" ही चिठ्ठी त्याच कोपऱ्यात दिसली असती आणि एका सकाळी, सावद्याच्या चहाच्या टपरीवर बसून, ती खोटी ठरली असती.

तिसरी पायरी: कुणाशी बोलायचं ते ठरवा

खानदेशातल्या टीमला एक मोठी सोय आहे. ज्याच्यासाठी बनवतोय तो माणूस मोटारसायकलवर तासाभराच्या अंतरावर असतो. पण याच सोयीतून तीन अडचणी येतात, आणि तिन्ही आम्ही भोगल्या आहेत.

पहिली, घरचं माणूस. मामा, काका, वर्गमित्राचे वडील हे सगळे तुमच्याकडे बघून बोलतात. त्यांच्याकडून पुढच्या माणसाचा फोन नंबर घ्या, मुलाखत मात्र त्या पुढच्या माणसाची घ्या.

दुसरी, 'प्रगतिशील शेतकरी'. गावात कोण भेटेल असं विचारलं की सगळे एकाच घराकडे बोट दाखवतात. तिथे टिश्यू कल्चरची रोपं, ठिबक, फर्टिगेशन (ठिबकमधूनच खत देणं), सगळं असतं, भिंतीवर पुरस्कार असतात आणि त्या माणसाला मुलाखतीची सवय असते. तो आदर्श बाग कशी असावी ते सांगतो. तुम्हाला हवी असते मागच्या आठवड्यातली खरी बाग. अशा एकाशी जरूर बोला, पण मग दोन एकरवाल्याशी, बटाईने करणाऱ्याशी आणि सालदाराशीही, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणाऱ्या गड्याशीही बोला. बऱ्याच बागांत पाणी कधी सोडलं, घड किती भरले, घड कापणाऱ्या मजुरांची टोळी किती वाजता आली हे मालकापेक्षा सालदाराला जास्त माहीत असतं. आणि घरातल्या बाईशी बोला. आम्ही भेटलो त्यातल्या अनेक घरांत हिशोबाच्या चिठ्ठ्या तिच्याच डब्यात होत्या.

तिसरी, समोरची बाजू. आम्ही कितीतरी दिवस फक्त शेतकऱ्यांशी बोलत होतो. व्यापाऱ्याकडे गेलो तेव्हा चित्राचा दुसरा अर्धा भाग दिसला. इथली केळी रेल्वेने आणि ट्रकने दिल्लीकडे, उत्तरेकडे जाते. तिकडच्या खरेदीदाराने रात्री माल कमी केला की इथे सकाळची गाडी रद्द होते. शेतकऱ्याला जो लहरीपणा वाटतो, त्यातला काही भाग हजारभर किलोमीटरवरून आलेल्या फोनचा असतो.

किती लोकांशी बोलायचं? एका प्रकारच्या माणसांपैकी सहा ते आठ. त्यानंतर गोष्टी परत परत तशाच ऐकू यायला लागतात. तसं झालं नाही, तर बहुधा तुम्ही दोन वेगळ्या प्रकारची माणसं एकत्र धरली आहेत.

वेळही पाहून जा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास सालदारांचे करार ठरतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, तेव्हा कुणाला तासभर बसायला सांगू नये. मे महिन्यात दुपारी अकरानंतर बांधावर उभं राहायची कल्पना करू नका. कापणीच्या दिवशी मुलाखत नको, पण बघायला जायला तोच सगळ्यात चांगला दिवस.

चौथी पायरी: मुलाखत घ्या, आणि झालेल्या गोष्टींबद्दलच विचारा

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकून चालत नाही.

माणूस भविष्याबद्दल चांगलंच बोलतो. "असं ॲप असलं तर वापराल का?" असं विचारा, दहापैकी नऊ जण हो म्हणतील, त्यातले दोघेही पुढे ते डाउनलोड करणार नाहीत. "किती पैसे द्याल?" या प्रश्नाचं उत्तर तर निव्वळ सौजन्य असतं. म्हणून नियम एकच: शेवटच्या वेळी काय झालं ते विचारायचं. तारीख, वार, ठिकाण, कोण होतं, मग काय झालं.

रावेर तालुक्यातल्या एका अप्पांशी झालेलं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"अप्पा, शेवटची कापणी कधी झाली?"

"मागच्या शुक्रवारी. पिलबाग होता."

"त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगाल का?"

"आदल्या रात्री फोन आला, उद्या गाडी येते. सहाला टोळी आली, कापायला लागली. गाडी आली साडेदहाला. तवर घड बांधावर, वरून पानं झाकली."

"भाव कधी ठरला होता?"

"भाव रात्रीच ठरला. पण गाडी भरायला लागले आन् म्हणे माल हलका शे, पन्नास कमी."

"मग तुम्ही काय केलं?"

अप्पा जरा थांबले. "काय करू भाऊ? कापलेला घड परत झाडाला लावता येतो का?"

आमच्या सगळ्या आलेखांचं उत्तर त्या एका वाक्यात होतं. भाव माहीत असणं आणि ठरलेला भाव हातात पडणं यात एक रात्र असते, आणि घड कापला की शेतकऱ्याच्या हातातला शेवटचा पत्ता जातो. आम्ही "तुम्हाला काय अडचण आहे?" असं विचारलं असतं तर अप्पा म्हणाले असते, "भाव मिळत नाही." मग आम्ही पुन्हा भावाचंच ॲप बनवलं असतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो.

दोघांनी जायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. तिघे-चौघे गेलात की ती पाहणी वाटते आणि माणूस अनुदानाच्या भाषेत बोलायला लागतो. पहिल्या दोन मिनिटांत स्पष्ट सांगा: आम्ही काही विकायला आलो नाही, कुठल्या योजनेचे नाही, तुमचं काम कसं चालतं ते शिकायला आलोय. आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी विचारा आणि त्या रेकॉर्डिंगचं पुढे काय होईल तेही सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व आहेच, पण कायदा नसता तरी हे सांगणं आपलं कर्तव्य होतं. समोरच्याचा जरासुद्धा संकोच दिसला तर फोन खिशात ठेवा आणि वहीवर भागवा.

"का?" हा शब्द जपून वापरा. एका मागोमाग एक 'का' विचारला की समोरच्याला चौकशी सुरू झाल्यासारखं वाटतं आणि तो कारणं शोधून द्यायला लागतो. "मग काय झालं?", "त्याआधी काय झालं होतं?", "त्याचा कागद दाखवता का?" हे तीन प्रश्न घेऊन तुम्ही तासभर बोलू शकता. कागद दाखवायला सांगणं फार मोलाचं असतं. वजनाची पावती, कॅलेंडरवर पेनने मारलेल्या खुणा, वहीच्या मागच्या पानावरचे आकडे. माणसाने ज्यासाठी स्वतःहून काहीतरी जुगाड केलंय, ती त्याची खरी अडचण समजा. अप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक कापणीच्या तारखेला दोन आकडे लिहिले होते: रात्री बोललेला भाव आणि हातात आलेला भाव. ते आमचं पहिलं खरं डिझाइन होतं, त्यांनी केलेलं.

भाषेकडे लक्ष द्या. धुळे, अमळनेर, साक्री भागात माणूस अहिराणीत मोकळा होतो. रावेर-यावलकडे लेवा बोली. नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली, पावरी. टीममधल्या ज्याला ती बोली येते त्यानेच बोलायचं, भले तो डेव्हलपर असो आणि प्रॉडक्ट मॅनेजर पुण्याहून आलेला असो. आणि लिहिताना त्यांचेच शब्द लिहा. त्याने 'वापसी' म्हटलं तर वहीत 'कमी दर्जाचा माल' लिहू नका. पुढे स्क्रीनवर कोणता शब्द ठेवायचा याची भांडणं त्या वहीनेच मिटतात.

शांतता सहन करा. अप्पा थांबले तेव्हा माझ्या सहकाऱ्याला काहीतरी बोलावंसं वाटलं होतं, पण तो गप्प राहिला. म्हणून ते वाक्य मिळालं.

परतताना गाडीवरून उतरल्या उतरल्या, ऑफिसला जाण्याआधी, अर्धा तास बसून एक पान भरा. माणूस कोण, शेवटच्या वेळची गोष्ट सात-आठ ओळींत, त्याने केलेला जुगाड, आपल्याला धक्का देणारी एक गोष्ट, आणि त्याच्या तोंडचं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं की त्याचं बोलणं पुसट होतं आणि आपलं मत त्याच्या जागी येऊन बसतं.

पाचवी पायरी: काम चालू असताना उभं राहून बघा

मुलाखतीत माणूस जे त्याला आठवतं तेच सांगतो. सवयीच्या गोष्टी सांगायच्या राहून जातात, कारण त्याला त्या दिसतच नाहीत. म्हणून निदान दोन कापण्या पूर्ण बघा, टोळी येण्यापासून गाडी निघेपर्यंत.

आम्ही पाहिलेल्या पहिल्याच कापणीत कळलं की वजनाच्या वेळी शेतकऱ्याचे दोन्ही हात कामात असतात आणि फोन एक तर मोटारसायकलच्या डिकीत असतो, नाहीतर शर्टाच्या खिशात चिकाचे डाग टाळायला प्लास्टिकच्या पिशवीत. "वजन झालं की लगेच ॲपमध्ये टाका" ही आमची कल्पना तिथेच संपली. एका डाळ मिलमध्ये असंच दिसलं होतं. मुनीम आधी वहीत लिहितात आणि संध्याकाळी एकदम कॉम्प्युटरवर उतरवतात, कारण दिवसभर हमाली, तोलाई, बारदान यांचे आकडे बदलत राहतात. ज्या सॉफ्टवेअरने त्यांना त्या क्षणी पक्की एंट्री करायला लावली, ते त्यांनी महिन्यात सोडून दिलं.

बघताना मदतीला हात लावायची इच्छा होते. एकदा पाणी द्या, घड झाकायला हात लावा, पण कामाची पद्धत सुचवू नका.

सहावी पायरी: ऐकलेलं भिंतीवर मांडा आणि एकच अडचण निवडा

सात-आठ पानं जमली की सगळी टीम बसते. सर्वांत वर पहिल्या पायरीतलं वाक्य. त्याखाली लोकांच्या अडचणी, त्यांच्याच शब्दांत. त्याखाली प्रत्येक अडचणीच्या आतल्या छोट्या अडचणी. उपाय अजून कुठेच लिहायचे नाहीत. हे झाड उलटं वाढतं, वरून खाली.

आमच्या झाडाला चार मोठ्या फांद्या आल्या: रात्री ठरलेला भाव सकाळी टिकत नाही, गाडी किती वाजता येईल कळत नाही, पट्टीतली (व्यापाऱ्याने दिलेल्या हिशोबाच्या कागदातली) कपात समजत नाही, पैसे कधी येतील ते माहीत नाही. चारही खऱ्या होत्या. निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. किती जणांच्या गोष्टीत ती आली, त्यांनी त्यासाठी आधीच काही खटपट केली आहे का, आणि आमच्यासारख्या पाच माणसांच्या टीमला त्यात हात घालता येतो का. पैसे उशिरा येणं ही सगळ्यात जास्त दुखणारी गोष्ट होती, पण त्यामागे भांडवलाची लांब साखळी आहे आणि ती आमच्याने सुटणारी नव्हती. आम्ही पहिली फांदी घेतली. हे सोडताना वाईट वाटतं, मान्य आहे. तरीही एकच घ्या.

निवडलेल्या अडचणीला निदान तीन वेगवेगळे उपाय काढा. एकच उपाय समोर असला की चर्चा "करायचं की नाही" अशी होते. तीन असले की माणसं तुलना करतात आणि कुणाचा उपाय पडला तरी त्याला अपमान वाटत नाही. आमचे तीन होते: रात्रीच्या बोलण्याचा लेखी मेसेज दोघांनाही जाणं, बोलणं व्हॉइस नोटमध्ये साठवणं, आणि पट्टीचा फोटो काढून भावातला फरक दाखवणं.

सातवी पायरी: सगळ्यात नाजूक गृहीतक आधी तपासा

मेसेजवाला उपाय निवडला. आता तो बनवायला बसायचं का? नाही. पुन्हा चिठ्ठ्या. हा उपाय चालायला काय खरं असावं लागेल? शेतकरी मेसेज पाठवेल. व्यापारी त्याला 'हो' म्हणून उत्तर देईल. उत्तर दिल्यावर सकाळी भाव टिकेल. यातलं दुसरं सगळ्यात नाजूक होतं, असं आम्हाला वाटलं.

ते तपासायला कोड लागत नाही. आम्ही दहा शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असा मजकूर लिहून दिला: "उद्या कापणी, भाव इतका, गाडी इतक्या वाजता, बरोबर ना?" आणि करून पाहण्याआधीच फळ्यावर लिहून ठेवलं: दहापैकी सहा व्यापाऱ्यांचं उत्तर आलं तर पुढे जायचं, चार किंवा कमी असतील तर उपाय बदलायचा. आकडा आधी लिहिणं फार गरजेचं आहे. नंतर लिहिला तर जो काही निकाल येईल तो पुरेसा वाटायला लागतो.

पहिल्या खेपेला तिघांचं उत्तर आलं. पण गंमत अशी, की मेसेजच चौघांनी पाठवला होता. म्हणजे व्यापारी अडत नव्हता, शेतकरी अडत होता. परत सगळ्यांना भेटलो. एका ताईंनी अगदी सोप्या शब्दांत सांगितलं, "भाव लिहून मागितला की त्यांना वाटतं आमचा विश्वास नाही. उद्या गाडीच पाठवली नाही तर?" वर्षानुवर्षांचं नातं, पुढच्या कापणीची गरज आणि बाजारात पसरणारी गोष्ट, हे सगळं त्या मेसेजच्या आड येत होतं. आमच्या एकाही चिठ्ठीवर ते नव्हतं.

मग मजकूर उलटा केला. "टोळी किती वाजता पाठवता? इतक्या भावाने ठरल्याप्रमाणे घड काढायला तयार ठेवतो." टोळीची वेळ विचारणं कुणालाच खटकत नाही, आणि भाव त्यात सहज जातो. दुसऱ्या खेपेला आठ जणांनी पाठवला, सात जणांना उत्तर आलं. एवढ्याशा आकड्यावरून सिद्ध काहीच होत नाही, पण पुढचा आठवडा कशावर घालवायचा हे ठरवायला तो पुरेसा होता. या सगळ्याचा खर्च तीन आठवडे आणि पेट्रोल.

तपासायच्या आणखी काही पद्धती आम्ही वापरतो. यंत्राचं काम माणसाने करायचं: शेतकऱ्याला वाटतं हिशोब आपोआप येतो, पण मागे आमच्यातला एकजण पट्टीचा फोटो बघून हाताने आकडे भरत असतो. दहा-पंधरा जणांपुरतं हे सहज चालतं आणि कुठले आकडे वाचता येत नाहीत ते कळतं. दुसरी, रिकामं दार: ॲपमध्ये बटण ठेवायचं, मागे अजून काही नाही, किती जण दाबतात ते बघायचं. ही पद्धत वापरलीत तर दाबणाऱ्याला लगेच खरं सांगा, "हे अजून बनतंय, तुम्हाला हवं आहे का?" शेतकऱ्याच्या पैशाशी संबंधित गोष्टीत तर रिकामं दार ठेवूच नका. विमा, कर्ज, भरपाई यांची खोटी आशा कुणाला दाखवणं मला अजिबात मान्य नाही. तिसरी, पैशाची परीक्षा: "किती द्याल?" असं न विचारता पुढच्या हंगामाचे थोडे पैसे आगाऊ घ्या, नको असतील तर परत करण्याच्या बोलीवर. पन्नास रुपये देतानाही माणूस खरं बोलतो.

आठवी पायरी: वापरता येतं का ते उन्हात तपासा

वापरायला सोपं डिझाइन या विषयातले तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी मांडलेला हिशोब प्रसिद्ध आहे: पाच माणसांसोबत तपासलं तरी वापरातल्या बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. पाच जण बघायचे, दुरुस्त करायचं, पुन्हा पाच. एकदम तीस जणांवर तपासण्यात पैसा घालवू नका.

कागदावर काढलेल्या स्क्रीननेही सुरुवात होते. काम सांगायचं, रस्ता सांगायचा नाही. "शुक्रवारच्या कापणीची नोंद करून दाखवा" एवढंच म्हणायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं. तो अडखळला की मदत करायची नाही. "तुम्हाला आता काय वाटतंय?" इतकंच विचारायचं.

जागा मात्र त्याची. ऑफिसमधल्या एसीत आमची हलकी राखाडी अक्षरं सुंदर दिसत होती, उन्हात बांधावर ती दिसलीच नाहीत. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो, फोन तापतो, स्क्रीन आपोआप मंद होते. बोटांना चीक असतो. काच तडकलेली असते आणि नेमका खालचा उजवा कोपरा काम करत नाही, जिथे आम्ही 'जतन करा' ठेवलं होतं. अनेक जण टाइप करण्यापेक्षा बोलणं पसंत करतात, म्हणून आता आमच्या नोंदीत पहिला पर्याय माइकचा आहे. तारखेच्या रकान्यात लोक 'काल', 'परवा' असं बोलतात, तेही समजून घ्यावं लागलं.

दर आठवड्याला करायचं

आम्हाला सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट ही. डिस्कव्हरी सुरुवातीच्या दोन महिन्यांत उरकून टाकायचं काम समजलं की सहा महिन्यांनी पुन्हा भाववालं ॲप बनतं. आता दर मंगळवारी दोघे बाहेर असतात, दर शुक्रवारी तासभर भिंतीसमोर बसतो. आळीपाळीने सगळे जातात, कोड लिहिणारेही. अप्पांचं वाक्य प्रत्यक्ष ऐकलेल्या डेव्हलपरला नंतर स्पेसिफिकेशन समजावून सांगावं लागत नाही.

वरिष्ठांना किंवा पैसे लावणाऱ्याला कसं पटवायचं, हा प्रश्न मला वारंवार विचारतात. अहवाल पाठवू नका. त्यांना एकदा सोबत घेऊन जा, फक्त बोलायचं नाही या अटीवर. ते शक्य नसेल तर संमती घेतलेलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकवा. आणि प्रत्येक बैठकीत "या महिन्यात आम्ही काय बनवायचं थांबवलं" हेही सांगा. आमच्याकडे थांबवलेल्या कामांची वेगळी वही आहे, तारखेसकट आणि कारणासकट. नवीन आलेला प्रत्येक जण तिसऱ्या आठवड्यात भावाचं ॲप सुचवतो, तेव्हा ती वही त्याच्या हातात देतो.

प्रत्येक पानावर हंगामही लिहायचा. कांदेबागेच्या (पावसाळ्यानंतरच्या लागवडीच्या) वेळी ऐकलेली गोष्ट मृगबागेला (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीला) तशीच लागू पडत नाही. चरका बसलेल्या, म्हणजे थंडीने नुकसान झालेल्या बागेचा मालक आणि मेमधल्या वाऱ्यात झाडं पडलेल्या बागेचा मालक वेगवेगळ्या चिंतेत असतात.

या मंगळवारी आम्ही चोपड्याकडे जातोय, सकाळी सहाच्या कापणीला. फळ्यावर एकच चिठ्ठी आहे: "भाव मेसेजमध्ये लिहिलेला असताना गाडी भरताना कमी केला, तर शेतकरी तो मेसेज दाखवतो का?" दाखवत नसेल, असं मला वाटतं. टीममधल्या दोघांना वाटतं दाखवेल. आठ कापण्या बघायच्या, त्यातल्या तीन ठिकाणी तरी मेसेज दाखवला गेला तर त्यांचं खरं, हे आताच लिहून ठेवलंय.